मूळ गाव सुरगाणा

करिअर मार्गदर्शन कक्ष रूपल मॅडमच्या गळ्यात पडला तो निव्वळ स्कूटी पंक्चर झाली म्हणून. पालघरहून बोईसरला येताना उमरोळीजवळ चाक बसलं, मीटिंगला उशीर झाला, आणि जो हजर नाही त्याच्या नावावर नको असलेलं काम टाकायचं ही कॉलेजची जुनी रीत. मॅडम धापा टाकत आत शिरल्या तेव्हा प्राचार्य कृष्णकांत सर हसून म्हणाले, "या, अभिनंदन! आजपासून पोरांचं आयुष्य तुमच्या हातात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपली मान सुटली की माणूस कसा मनापासून टाळ्या वाजवतो ते तिथे बघावं.

मॅडम केमिस्ट्री शिकवायच्या. माहेर एडवणचं, सासर पालघरचं, आणि तोंड जन्मापासून स्वतःचं. प्रयोगशाळेत कुणी बुरेट उलटी लावली की त्यांचा आवाज खाली पोर्चपर्यंत ऐकू यायचा. पण पोरांना त्या आवडायच्या, कारण ओरडून झालं की त्याच पोराच्या शेजारी उभं राहून बुरेट सरळ लावून द्यायच्या. अशा बाईच्या हातात पोरांचं आयुष्य दिलं की ती काही ते फायलीत लावून गप्प बसणार नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी मेळावा भरवला. चांगला दणदणीत, मांडव-बिंडव घालून.

मुंबईहून वक्ते बोलावले होते. गळ्यात माईक, पायात पांढरे बूट. कॉलेजच्या हॉलला पश्चिमेकडे खिडक्या आहेत आणि खिडक्यांतून औद्योगिक वसाहतीतल्या चिमण्या दिसतात. वारा फिरला की हॉलमध्ये कोबी सडल्यासारखा वास येतो. पोरांना त्याचं काही नाही, नाकं मेलीत त्यांची. पाहुणे मात्र दर दोन वाक्यांनी रुमाल नाकाला लावत होते आणि रुमालाआडून सांगत होते, स्वप्नं मोठी बघा.

मग त्यांनी खेळ काढला. एकेकाला उभं करायचं आणि विचारायचं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस? पहिला नंबर लागला जिवल्याचा. हजेरीत हा जीवन वरठा, पण पाड्यावर जिवल्या, आणि कॉलेजातही जिवल्याच. तो उभा राहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पाच वर्सांनी? सर, दिवाली झाल्यावर आमी कुठं हाव तेच मुकादम येल तवा कलंल."

हॉल हसला. पाहुणेही हसले, "सेन्स ऑफ ह्युमर छान आहे," म्हणाले. जिवल्या बिचारा इकडेतिकडे बघत खाली बसला. त्याने विनोद केलाच नव्हता. दिवाळीनंतर त्याचं अर्धं घर वीटभट्टीवर जातं, आणि भट्टी वसईची की भिवंडीची ते मुकादमच ठरवतो. मॅडमच्या डोक्यात तिथेच तिडीक गेली.

दुसरी उठली दीपिका गावित. टी.वाय.ची पहिली मुलगी, हाताला अशी स्थिर की तिने केलेलं टायट्रेशन मॅडम डोळे झाकून खरं मानायच्या. ती म्हणाली, "पाच वर्सांनी कुठं ते नाय माहीत सर. पन टेम्पोत नाय."

"टेम्पो म्हणजे?" पाहुण्यांनी विचारलं.

"टेम्पो म्हंजे टेम्पो," दीपिका म्हणाली आणि खाली बसली.

पाहुण्यांना कळलं नाही, त्यांनी विषय बदलला आणि कॅनडाला गेले. पण हॉलमधल्या निम्म्या पोरांना कळलं होतं. सकाळी पाड्यांच्या नाक्यांवर कंत्राटदाराचे टेम्पो येतात. बाया त्यात उभ्याने कोंबतात आणि वसाहतीत कंपनी-कंपनीच्या दारात उतरवतात. कुणी गवत कापायचं, कुणी गटार उपसायचं, कुणी ड्रम धुवायचे. कुठे ते टेम्पोवाला सांगेल. दीपिकाची आई कमळी रोज त्या टेम्पोत चढायची. निकाल लागला की पोरीलाही घेऊन ये, पॅकिंगला लावू, असं कंत्राटदाराने केव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि कमळीने हो-नाही काहीच म्हटलेलं नव्हतं. बी.एस्सी. होऊन त्या टेम्पोत चढायचं की लॅबमध्ये उभं राहायचं, एवढाच दीपिकापुढचा प्रश्न होता. क्षितिज-बितिज काही नाही.

भाषण संपलं, मग कंपन्यांची टेबलं. प्रत्येक टेबलावर फुकट पेन, फुकट टोपी, आणि एक हसरी मुलगी. खिडकीतून जी सगळ्यात उंच चिमणी दिसते त्या औषधाच्या कंपनीचंही टेबल होतं, आणि त्यांना म्हणे लॅबसाठी शिकाऊ केमिस्ट हवे होते. मॅडमनी दीपिकाला जवळजवळ ढकलतच तिथे नेलं.

टेबलामागच्या मुलीने गुण बघितले, भुवया उंचावल्या. "वा! गाव कुठलं तुमचं? मूळ गाव?"

"हितलंच. ती टेकडी दिसते ना, तिच्या मागचा पाडा."

"अच्छा." मुलीचं हसू होतं तिथेच राहिलं, नुसता कागद दुसऱ्या गठ्ठ्यावर गेला. "कळवू आम्ही."

दीपिकाच्या मागे ललित उभा होता. दोन विषयांत कसाबसा तरलेला, बुरेटला अजूनही पिपेट म्हणणारा पोरगा. त्याचे वडील जळगावकडून कामाला येऊन बोईसरला स्थायिक झालेले. त्याने मूळ गाव यावल सांगितलं. त्याला तिथल्या तिथे मुलाखतीची तारीख मिळाली.

मॅडम तशाच टेबलाशेजारी उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. गाव कुठलं? बलिया. तारीख. गाव कुठलं? लातूर. तारीख. गाव कुठलं? वाणगाव. कळवू. गाव कुठलं? इथलंच. कळवू. बोईसरचं हे एक नवलच आहे. इथे ज्याला-त्याला दुसरं एक गाव असतं. ते नसतं फक्त इथल्या माणसाला.

मॅडमचं पित्त असं खवळलं की आभारप्रदर्शनात त्यांनी पाहुण्यांचं नावच चुकीचं घेतलं.

कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होता निमेश. मॅडमचा सख्खा चुलत भाऊ. लहानपणी एकाच वाडीत नारळ गोळा केलेले. मॅडमनी रविवार गाठला आणि सरळ एडवणला गेल्या. काकी ओटीवर शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती, निमेश अंगणात मोटारसायकल धूत होता.

"ये गो बाय," काकी म्हणाली. "आज वाट कशी चुकली? चाय ठेवू?"

"चहा नंतर. आधी याची पूजा बांधायची आहे," मॅडम म्हणाल्या आणि निमेशच्या हातातली नळी काढून फेकली. "काय रे, माझ्या कॉलेजात येऊन माझ्या पोरांच्या तोंडाला पानं पुसता होय? पहिली आलेली पोरगी नको आणि तो ललित चालतो? काय चाललंय काय तुमचं?"

निमेशने नळ बंद केला. ओट्याकडे एकदा बघितलं, आणि मॅडमला केळीच्या बाजूला घेऊन गेला.

"ताई, ओरडू नकोस. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे लोकल घेत नाहीत. वरून तसंच आहे."

"का? लोकल काय चावतात?"

"वरचे म्हणतात, लोकलचं घर जवळ. चवथ आली, सुट्टी. यात्रा आली, सुट्टी. पाड्यात कुणी मेलं, अख्खा पाडा सुट्टीवर. काही बोलायला जावं तर संध्याकाळी दहा माणसं गेटवर. बाहेरचा माणूस एकटा असतो, वर्षातून एकदा गावाला जातो, बाकी मान खाली घालून काम करतो."

"मग तू रे? तू काय आकाशातून पडलास? तू लोकल नाहीस?"

निमेश हसला, पण ते हसू काही बघवत नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "कंपनीत मी वसईचा आहे. वसईला मावशीची खोली आहे ना, तिथला पत्ता. वसई म्हणजे त्यांच्या लेखी मुंबईच. एडवण हे नाव मी तिथे कधी उच्चारलेलं नाही."

मॅडमना वाटलं हा थट्टा करतोय. मग त्यांना काकांचं आठवलं. काका गेले तेव्हा निमेश तिसऱ्या दिवशी कामावर गेला होता, सगळ्या भावकीने त्याला नावं ठेवली होती, आणि त्यात मॅडमचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा काय, ताप आला म्हणून सांगितलं. वसईच्या माणसाचे वडील एडवणला कसे जातील?"

ओटीवरून काकीची हाक आली, चहा निवतोय म्हणून. दोघं जागचे हलले नाहीत. मॅडमना त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही.

"ती मुलगी चांगली आहे का?" निमेशनेच विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगली आहे."

"आडनाव काय म्हणालीस? गावित? मग होईल. गावित नाशिककडेही आहेत, नंदुरबारलाही आहेत. तिला म्हणावं, मूळ गाव सुरगाणा. राहायचं मात्र पाड्यावर नाही, बोईसरमध्ये खोलीवर राहायचं. कागदपत्रं माझ्याच टेबलावर येतात, ती मी बघतो, मेळाव्यातला तो कागदही. फक्त तोंड तिला सांभाळावं लागेल."

आता इथे खरं म्हणजे मॅडमनी काय करायला हवं होतं? प्राचार्यांकडे जायला हवं होतं, कंपनीला पत्र लिहायला हवं होतं, मेळाव्याला परत दारात उभं करायचं नाही असं ठणकावायला हवं होतं. त्यातलं पहिलं त्यांनी केलंही. कृष्णकांत सर ऐकून म्हणाले, "मॅडम, त्यांनी आपल्याला प्रोजेक्टर दिलाय." बास. आणि इकडे निकाल लागला, दीपिका पहिली आली, पाड्यावर पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी कंत्राटदाराने कमळीला विचारलं, पोर कधी आणतेस? मॅडमनी दोन दिवस स्वतःशीच भांडून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दीपिकाला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

दीपिकाने सगळं ऐकून घेतलं. मॅडमना वाटलं होतं ही रडेल नाही तर चिडेल.

"येवढंच?" ती म्हणाली. "गाव दुसरं सांगायचं, येवढंच?"

"एवढंच," मॅडम म्हणाल्या आणि मान फिरवून बेसिन धुवायला लागल्या.

मग शिकवणी सुरू झाली. आयुष्यात मॅडमनी पुष्कळ काही शिकवलं, पण असली शिकवणी कधी घेतली नव्हती. हाय नाही, आहे म्हण. नाय नाही, नाही म्हण. पन नाही, पण. टेकडीचं नाव घ्यायचं नाही. बस पाड्याच्या नाक्यावरून गेली तर खिडकीबाहेर बघायचं नाही. इथला कुठलाही रस्ता तुला ठाऊक नाही, कुणी विचारला तर तूच त्याला विचार.

"आणि वाघबारशीला सुट्टी मागायची नाही. वाघबारस म्हणजे काय ते तुला माहीतच नाही."

"मॅडम, सुरगान्यातपन वाघबारस असते."

"असते?"

"असते तर. आमच्यावानीच."

मॅडमनी कपाळावर हात मारला. पोरीचं दुसरं गाव शोधायला निघाले तर तेही हिचंच निघालं! दोघी हसल्या, चांगल्या पोट धरून हसल्या. त्या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं एवढंच घडलं.

"आईला सांगितलंस?" हसू थांबल्यावर मॅडमनी विचारलं.

"सांगितलं. आई म्हनली, म्हणाली, जिथलं सांगायचं तिथलं सांग. टेम्पोत नको."

मुलाखत झाली. प्लांटचे मोठे साहेब स्वतः बसले होते. दीपिकाने लॅबचं सगळं सांगितलं, आणि गावाचं विचारल्यावर सुरगाण्याचंही सांगितलं. स्ट्रॉबेरी होते म्हणाली, पाऊस फार म्हणाली, इथली हवा दमट वाटते म्हणाली. साहेब खूश. ती लागली. ललितही लागला, तो निराळा विषय. दीपिका बोईसरला फाटकापलीकडच्या चाळीत मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या खोलीवर राहायला आली. कॉलेजच्या फलकावर तिचा फोटो लागला, खाली 'आमचा अभिमान', आणि कृष्णकांत सरांनी मॅडमचा शाल देऊन सत्कार केला. मॅडमनी ती शाल स्टाफरूमच्या कपाटात कोंबली ती पुन्हा काढली नाही.

पण खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्यांना बरंही वाटत होतं. एक तरी पोर टेम्पोतून सुटली. रात्रंदिवस भाषणं ऐकून जे होत नाही ते एका सुरगाण्याने झालं. ज्यांनी हे नियम काढले त्यांना आपण बनवलं, असंही मनात यायचं, आणि स्कूटीवर बसल्या बसल्या मॅडम मधेच हसायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात टी.वाय.च्या नव्या पोरांची कंपनी-भेट ठरली. कंपनी कुठली, तर तीच. प्रोजेक्टर दिलेली. मॅडम पोरांना घेऊन गेल्या. पोरांत जिवल्याही होता. मधलं एक वर्ष भट्टीवर गेलं होतं, पण कमळीने मागे लागून त्याला परत कॉलेजात धाडलेलं. दीपिका आणि तो एकाच पाड्यातले, उंबऱ्याला उंबरा लागून घरं.

मोठे साहेब स्वतः सामोरे आले. माणूस तसा प्रेमळ होता, पोरांशी हसून बोलत होता, आणि त्याचाच मॅडमना जास्त राग येत होता. राक्षस असता तर सोपं गेलं असतं. त्यांच्या मागे पांढऱ्या एप्रनमध्ये दीपिका उभी होती. केस घट्ट बांधलेले, पायात काळे बूट. अंगाने जरा भरली होती. मॅडमचा ऊर भरून आला.

"नमस्कार," ती पोरांना म्हणाली. "माझं नाव दीपिका गावित. मी मूळची सुरगाण्याची. आज मी तुम्हाला आमची लॅब दाखवणार आहे."

पोरांमध्ये खसखस पिकली. मॅडमनी मागे वळून असे डोळे वटारले की सगळे गार झाले. जिवल्या तेवढा हसला नाही. तो दीपिकाकडे टक लावून बघत होता, प्रयोगाची कृती पाठ करताना बघतात तसा.

लॅब बघून झाली. सगळे बाहेर हिरवळीवर आले. तिथे सात-आठ बाया उकिडव्या बसून विळ्याने गवत कापत होत्या. डोक्याला फडकी, कंपनीने दिलेली पिवळी जाकिटं. त्यातली एक उठली, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि मॅडमना बघून तिचं तोंड उजळलं. कमळी.

टेम्पोवाला कुठे उतरवेल ते तोच सांगणार, हे मॅडमना ठाऊक होतं. तरी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. एवढी अक्कल पाजळली, पोरीला बस कुठली, बोली कुठली, सगळं शिकवलं, आणि हे नाही डोक्यात आलं! आणि लोकल नको ना यांना? मग या कोण? या सगळ्या टेकडीमागच्याच. गवतापुरते लोकल चालतात होय?

"मॅडम!" कमळी पुढे येत म्हणाली आणि मधेच थबकली. तिची नजर साहेबांवर गेली, मग दीपिकावर. दीपिका हातातल्या चिठ्ठीवर काहीतरी वाचत होती. त्या चिठ्ठीवर वाचण्यासारखं काही नसावं.

"तुम्ही ओळखता मॅडमना?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"हां साहेब. आमच्या पाड्यावर येतात त्या. पोरींना शिकवा म्हनून सांगाला."

"छान, छान! मग तुमची मुलगी शिकते की नाही?"

कमळीने विळा या हातातून त्या हातात घेतला. "माजी पोर हितं नसते साहेब. बाहेरगावी हाय."

"हेच, हेच तर!" साहेब मॅडमकडे वळले, आवाज खाली आणायचीही त्यांना गरज वाटली नाही. "मॅडम, संधी इथे दारात आहे, पण लोकलमध्ये जिद्दच नाही. नाही तर या बघा." त्यांनी दीपिकाच्या खांद्यामागे हात नेला आणि तिला कमळीच्या पुढ्यात आणून उभं केलं. "बाई, या मॅडमना नीट बघून घ्या. कुठल्या कुठे सुरगाण्याच्या डोंगरातून एकट्या आल्यात. तुमच्या मुलींना सांगा, असं व्हायचं."

कमळीने बघितलं. बुटांपासून बघत बघत वर आली, एप्रनच्या बटणांवरून चेहऱ्यापर्यंत. इतकं सावकाश आणि इतकं पोटभर बघायला तिला एरवी तिथे कोण देणार होतं?

"हां साहेब," ती म्हणाली. "जिची कोनाची हाय, तिचं नशीब."

दीपिका म्हणाली, "धन्यवाद, मावशी." अगदी शुद्ध, अगदी स्पष्ट. मॅडमनी शिकवल्यापेक्षाही चांगलं.

मॅडमच्या तोंडात शब्द आले होते. अहो साहेब, ही तिचीच आहे हो, ही तिचीच! आयुष्यभर जे तोंड कुणापुढे गप्प बसलं नाही ते त्यांनी दात आवळून मिटून धरलं, कारण ते उघडलं असतं तर उद्या सकाळी दीपिका नाक्यावर टेम्पोची वाट बघत उभी असती. साहेबांनी चहाला चला म्हटलं. कमळी परत खाली बसली आणि गवत कापायला लागली. चहा कोमट होता, मॅडमनी तो एका घोटात संपवला आणि पोरांवर विनाकारण खेकसल्या.

परतीच्या बसमध्ये पोरं दंगा करत होती. मॅडम पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. स्वतःवर, निमेशवर, साहेबांवर, त्या पांढऱ्या बुटांच्या पाहुण्यावर, प्रोजेक्टरवर, सगळ्यांवर एकदमच संताप येत होता, आणि काढायचा कुणावर ते समजत नव्हतं. तेवढ्यात जिवल्या मागून उठून आला आणि त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. बसच्या दांड्याला धरून, खाली वाकून, हळू आवाजात त्याने विचारलं,

"मॅडम, मला कुठलं गाव देनार?"

मॅडमनी झटकन मान वर केली. हा थट्टा करत असेल तर आज याची खैर नाही. पण त्याचा चेहरा मेळाव्याच्या दिवशी होता तसाच होता. तो विनोद करत नव्हता.

असं विचारायचं नसतं, असं त्या म्हणणार होत्या. तू इथलाच आहेस आणि इथलाच म्हणून मी तुला त्या गेटातून आत नेईन, असं काहीतरी म्हणणार होत्या. पण डोक्यात भलताच हिशेब आपोआप सुरू झाला होता. वरठा. वरठा हे आडनाव सुरगाण्याला खपायचं नाही. जव्हार, मोखाडा तर आपल्याच जिल्ह्यात. त्र्यंबक? नको, साहेब देवाला तिथे जातात. मग पेठ. पेठला कोण बघायला जातंय?

"पेठ," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. "पेठ सांगू आपण."

जिवल्याने मान डोलावली. मागे जाऊन बसला, खिशातून मोबाईल काढला, आणि आपलं मूळ गाव कुठे आहे, तिथे काय पिकतं, ते शोधायला लागला.